व्यवहारधर्म : दोराचीं दोन टोंकें

दुसऱ्याची वस्तु आपल्या हातीं आली कीं तिच्याबरोबर तिची काळजीही आपल्या हातीं येते, हें तत्त्व आपल्या घरांतून लहान मुलांसही शिकविलें जातें. शेजारून आणलेलें पातेलें घासूनपुसून, आणि शक्य तर रिकामें न ठेवतां परत करावें, असा आपल्या आज्यापणज्यांचा दंडक असे. त्या पातेल्यास आपल्या घरीं पोंचा आला तर काय करावें, याचेंही उत्तर त्यांच्यापाशीं तयार असे. परंतु वस्तु आपल्या हातीं पुरती आलेली नाहीं आणि धन्याच्या हातांतही ती पुरती राहिलेली नाहीं, अशी जी एक मधली अवस्था असते, तिच्याविषयीं आपण फारसा विचार करीत नाहीं. बंद पडलेली नाव दुसऱ्या नावेनें दोर लावून ओढीत नेणें हें त्या अवस्थेचें उत्तम उदाहरण होय. नाव एकाची, दोर व जोर दुसऱ्याचा, आणि पाणी तर कोणाचेंच नव्हे. वाटेंत ती नाव फुटली तर तें नुकसान कोणीं सोसावें?

नामपूरसारख्या गांवीं बसून नावांची चिंता करण्याचें आम्हांस काय कारण, असें कोणी म्हणेल. आमची मोसम नदी मालेगांवाकडे जाऊन गिरणेस मिळते. तिच्यांत नाव घालण्याजोगें पाणी वर्षांतून थोडेच दिवस असतें, आणि ज्या दिवशीं असतें त्या दिवशीं नाव घालण्याचें धैर्य कोणी करीत नाहीं. परंतु कांद्याच्या हंगामांत बाजार समितीकडे निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह चिखलांत रुतावा, मागून येणाऱ्यानें आपल्या ट्रॅक्टरास दोर लावून तो ओढावा, आणि ओढतां ओढतां ट्रॉलीचा दांडा वांकावा, हा प्रसंग बागलाणांत कोणास नवा नाहीं. पाण्यावरचा प्रश्न व जमिनीवरचा प्रश्न मुळांत एकच आहे. मात्र पाण्यावर चूक सुधारण्यास अवकाश मिळत नाहीं, म्हणून नावाड्यांनीं व त्यांचे तंटे तोडणाऱ्या न्यायाधीशांनीं या प्रश्नाचा जितका खोल विचार केला आहे तितका आम्हां जमिनीवरच्या लोकांनीं केलेला नाहीं. तो विचार उसना घेण्यास हरकत नसावी.

हा विषय या महिन्यांत घेण्यास निमित्त झालें तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्राचें. तो हल्लीं दक्षिण कोंकणांत पर्यटकांस खाडींतून फिरविणारी नाव चालवितो. आई, थोरला भाऊ, भावजय व मुलेंबाळें असें कुटुंब एकत्र असून नाव सर्वांच्या पैशानें घेतलेली आहे. गेल्या हंगामाच्या अखेरीस तिचें यंत्र खाडीच्या मुखाशीं बंद पडलें. उतारू उतरून गेलेले होते व तो एकटाच नावेंत होता. शेजारच्या एका नाववाल्यानें हांक ऐकून आपली नाव वळविली, दोर फेंकला, आणि एक पैसाही न ठरवितां त्यास किनाऱ्याकडे ओढीत आणूं लागला. वाटेंत दोर तुटला. दुसऱ्यानें दोर बांधावयास गेले तों नावेच्या पुढच्या टोंकाची खुंटीच उपटून हातीं आली, आणि दोघांची धांवपळ चालली असतां लाटेनें नाव खडकावर नेली. माणूस बचावला, नावेची एक कूस फुटली.

दुरुस्तीस बरीच रक्कम लागली. आतां थोरले बंधु म्हणतात, दोर जुना होता हें उघड आहे, तेव्हां भरपाई ओढणाऱ्याकडून घ्यावी. मातोश्री म्हणतात, ज्यानें तुझा जीव वांचविला त्याच्या दारीं पैसे मागावयास जाल तर मी या घरीं अन्न घेणार नाहीं. आमचा विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, खरें कोणाचें? शिवाय एक गोष्ट मीं घरीं सांगितलेली नाहीं. ती खुंटी ढिली झाल्याचें मला पूर्वींच ठाऊक होतें." ही शेवटची गोष्ट त्यानें आमच्या सांगण्यावरून प्रथम घरीं सांगितली, आणि मगच ही हकीकत नांवागांवाशिवाय छापावयास संमति दिली. येणेंप्रमाणें प्रश्न केवळ कायद्याचा नसून एका घराच्या शांततेचा झाला आहे.

प्रथम आपल्या शास्त्रकारांकडे वळूं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरें स्थान निक्षेपास, म्हणजे विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या वस्तूस, दिलें आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस नावेच्या उताराचे दर सांगून झाल्यावर मनूनें आपल्या प्रश्नाच्या अगदीं जवळचा निर्णय दिला आहे. नावेंतील वस्तु नावाड्यांच्या अपराधानें नासली तर ती सर्व नावाड्यांनीं मिळून, आपापल्या अंशाप्रमाणें भरून द्यावी. पण जें दैवगतीनें घडलें त्याबद्दल त्यांस शासन नाहीं. म्हणजे नुकसान झालें एवढ्यावरून दायित्व येत नाहीं. अपराध दिसला पाहिजे.

पण दोर तुटणें हा अपराध कीं दैव? याचें एक उत्तर मनूनेंच थोडें मागें, गाड्यांच्या अपघातांविषयीं बोलतांना, दिलें आहे. वेसण तुटणें, जूं मोडणें, आंस किंवा चाक मोडणें, बंद किंवा कासरा तुटणें, अशा दहा प्रसंगीं गाडीमुळें इजा झाली तरी दंड नाहीं, असें तो म्हणतो. हा नियम राजदंडापुरता आहे, भरपाईपुरता नव्हे, हें खरें. तरी दोर तुटणें ही गोष्ट माणसाच्या हातची नव्हे, अशी त्याची दृष्टि त्यांत दिसते. पुढें लगेच तो सांगतो कीं, हांकणाऱ्याच्या अकौशल्यानें गाडी भलतीकडे गेली तर दंड गाडीच्या धन्यास होईल, आणि हांकणारा निष्णात असून चुकला तर तो हांकणाऱ्यास होईल. अडाणी मनुष्याच्या हातीं कासरा देणें हा धन्याचा दोष, आणि जाणत्यानें निष्काळजीपणा करणें हा जाणत्याचा दोष. दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत इतका बारीक विवेक आढळावा याचें कौतुक वाटतें.

दुसरें उत्तर कौटिल्याचें आहे, आणि तें अधिक कडक आहे. त्याचें अर्थशास्त्र शतकानुशतकें लुप्तप्राय होतें, म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनीं तें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्ष नामक अधिकाऱ्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. पुरेशी माणसें नसलेली, साधनें नसलेली किंवा दुरुस्त न केलेली नाव बुडाली तर जें नष्ट झालें तें नावध्यक्षानें भरून द्यावें, असें कौटिल्य म्हणतो. मनु विचारतो, दोर कोणीं तोडला? कौटिल्य विचारतो, तो तुटण्याजोगा झाला तेव्हां त्याच्याकडे कोणीं पाहिलें नाहीं? आमच्या मतें आपल्या प्रश्नाचें अर्धें मर्म या दोन प्रश्नांच्या अंतरांत आहे. वादळ दैवाचें असेल; कुजका दोर दैवाचा नसतो.

राहिलेलें मर्म नारदानें सांगितलें आहे. ज्याच्यापाशीं वस्तु ठेविली त्याची स्वतःची वस्तुही तिच्याबरोबरच नष्ट झाली, तर तें नुकसान ठेवणाऱ्याचें; मात्र त्यांत कपट असतां कामा नये. स्वतःची वस्तु जो जशी सांभाळतो, तशी त्यानें दुसऱ्याची सांभाळली कीं नाहीं, ही ती कसोटी होय. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत हाच न्याय मागून आणलेल्या वस्तूंस व इतर ठेवींस लावून ठेविला आहे.

आजचा कायदाही याच कसोटीच्या आसपास फिरतो. १८७२ चा करार कायदा आजही आपल्या देशांत लागू आहे. त्याच्या १४८ व्या कलमांत निक्षेपाची व्याख्या असून १५१ व्या कलमाप्रमाणें, साधारण शहाणा मनुष्य तशाच परिस्थितींत तितक्याच मोलाच्या आपल्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी दुसऱ्याच्या वस्तूची घेतली पाहिजे. तितकी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर वस्तु बिघडली तरी दायित्व नाहीं, असें १५२ वें कलम सांगतें. वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, मजुरी घेऊन केलेलें काम आणि फुकट केलेलें काम असा भेद १५१ वें कलम करीत नाहीं. मोबदला घेतला नाहीं म्हणून निष्काळजीपणाची मोकळीक मिळत नाहीं.

फुकट मदतीचा हा प्रश्न इंग्लंडांत १७०३ सालीं एका प्रसिद्ध खटल्यांत निघाला होता. बर्नार्ड नांवाच्या गृहस्थानें कॉग्ज याचीं ब्रँडीचीं पिंपें एका तळघरांतून दुसऱ्या तळघरांत मोबदला न घेतां नेऊन ठेवण्याचें पत्करलें, आणि हलगर्जीपणानें एक पिंप फुटून ब्रँडी वाहून गेली. तूं फुकट काम केलेंस म्हणून सुटलास, असें न्यायमूर्ति होल्ट यांनीं म्हटलें नाहीं. काम पत्करण्याची सक्ति कोणावर नव्हती. पण एकदां हात घातल्यावर तो नीट घातला पाहिजे, हा त्या निकालाचा आशय आहे.

करार कायद्याचें १५० वें कलम मात्र लोक वाचीत नाहींत, आणि आपल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणांत तेंच अत्यंत महत्त्वाचें आहे. वस्तु ताब्यांत देणाऱ्यासही एक कर्तव्य आहे. वस्तूंतील जो दोष त्यास ठाऊक असेल, आणि ज्यामुळें घेणाऱ्यास विशेष धोका संभवेल किंवा तिच्या उपयोगांत मोठा अडथळा येईल, तो त्यानें आधीं सांगितला पाहिजे. न सांगितल्यास त्या दोषामुळें घेणाऱ्याचें होणारें नुकसान देणाऱ्याच्या माथीं येतें. तात्पर्य, दोराच्या दोन्ही टोंकांस कर्तव्य बांधलेलें आहे.

येथें एक अडचण उभी राहते. नाव ओढीत नेणें हा खरोखर निक्षेप आहे काय? नाव रिकामी करून ओढणाऱ्याच्या हवालीं केली असेल, तर ती निक्षेपासारखी होते. मग ती धड अवस्थेंत दिली होती व फुटकी परत आली एवढें धन्यानें दाखविलें कीं, आपण काळजी घेतली हें दाखविण्याचा भार आपल्याकडे बहुधा घेणाऱ्यावर येतो. परंतु धनी स्वतः नावेंत बसून सुकाणूं धरीत असेल, तर ताबा त्यानें सोडलेला नाहीं. मग ओढणाऱ्याची हयगय धन्यासच सिद्ध करावी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तर १९३२ सालीं व्हाइट सिटी नांवाच्या टगच्या खटल्यांत याहून पुढें जाऊन सांगितलें कीं, ओढणारा हा सामान्यतः निक्षेपधारी नव्हे आणि विमेदारही नव्हे. टग म्हणजे दुसऱ्या नौका ओढण्यासाठीं बांधलेली लहान पण जोरकस बोट. तिनें एक विहारनौका ओढून आणली, पोंचल्यावर नौकेस नुकसान झालेलें दिसलें, पण तें कसें झालें हें कोणास सांगतां येईना. नुसत्या नुकसानीवरून हयगय गृहीत धरतां येत नाहीं, असा निकाल झाला.

त्याच देशांत त्याच वर्षीं टी. जे. हूपर या टगच्या खटल्याचा अपील निकाल लागला, तो आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. १९२८ च्या मार्चमध्यें कोळशानें भरलेल्या दोन बार्जा, म्हणजे स्वतःचें यंत्र नसलेल्या मालवाहू नौका, टगांच्या मागें ओढल्या जात असतां वादळांत बुडाल्या. हवामानाचा इशारा रेडिओवरून प्रसारित झाला होता. पण या टगांवर तो ऐकण्याचीं चालू यंत्रें नव्हतीं. सर्व टगांवर तशीं यंत्रें ठेवण्याची रूढि अद्याप पडलेली नाहीं, हा बचाव न्यायमूर्ति लर्नेड हँड यांनीं मान्य केला नाहीं. एखादा धंदाच्या धंदा सावधगिरींत मागें राहिलेला असूं शकतो, म्हणून सगळे करीत नाहींत हें उत्तर पुरेसें नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. मात्र त्याच प्रकरणांत बार्जाही समुद्रांत नेण्यास योग्य नव्हत्या असें ठरलें होतें. ओढणारा बहिरा, आणि ओढली जाणारी जर्जर. वादळानें दोघांचीही परीक्षा एकाच रात्रीं घेतली.

मग व्यवहारी लोकांनीं काय केलें? त्यांनीं करारांत आधींच लिहून ठेवण्यास आरंभ केला. यांत देशोदेशीं दोन पंथ पडले. ब्रिटनमध्यें टगवाल्यांच्या ठरीव अटी पूर्वींपासून टगवाल्यांच्या बाजूच्या असून, ओढतांना होणाऱ्या नुकसानीचा भार बहुतांशीं ओढवून घेणाऱ्यावरच टाकतात. उलट अमेरिकेंत १९५५ सालीं, मिसिसिपी नदींत एक तेलवाहू बार्ज ओढली जात असतां पुलाच्या खांबावर आदळून बुडाली, तेव्हां सर्व धोका बार्जेचा हें कलम सर्वोच्च न्यायालयानें लोकहिताविरुद्ध म्हणून रद्द ठरविलें. ज्यास दुसरा टग मिळण्याचा संभव नाहीं त्यास कोणत्याही अटीवर सही करणें भाग पडतें, ही भीति त्या निकालामागें आहे. पुढें १९८५ पासून प्रचारांत आलेल्या टोकॉन नांवाच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यानें मधला मार्ग काढला. टगचें नुकसान टगवाल्यानें सोसावें, ओढलेल्या जहाजाचें जहाजवाल्यानें, आणि प्रत्येकानें आपापला विमा उतरवावा. दोष कोणाचा याचा कीस पाडीत बसूं नये. आपल्याकडील ज्याचें त्याचें या म्हणण्याचाच हा कायदेशीर अवतार होय.

दोर तुटण्याचे परिणाम केवढे होऊं शकतात हें आपल्या मुंबईनें २०११ च्या जून महिन्यांत पाहिलें. विस्डम नांवाचें जुनें जहाज मोडीसाठीं कोलंबोहून गुजराथेंतील अलंग येथें ओढून नेलें जात होतें. मुंबईजवळ दोर तुटला; तें वाहत वाहत वांद्रे-वरळीच्या सागरी पुलास लागतें कीं काय अशी भीति उत्पन्न झाली, आणि अखेर तें जुहूच्या वाळूंत रुतलें. हजारों लोक तें पाहावयास गेले. पाहणाऱ्यांस ती गंमत होती. पण पुलावर आदळलें असतें तर नुकसान केवळ दोर बांधणाऱ्या दोघांचें राहिलें नसतें. तिऱ्हाइताची वाट सुरक्षित ठेवणें हें दोघांचेंही कर्तव्य आहे, आणि आपसांतील करारानें त्या कर्तव्यांतून कोणास सुटतां येत नाहीं. मोठ्या जहाजांचे असे तंटे आतां १ एप्रिल २०१८ पासून अमलांत आलेल्या २०१७ च्या नौकाधिकार कायद्याखालीं मुंबईसारख्या उच्च न्यायालयांपुढें चालतात, आणि दाव्यापुरतें जहाजच अडकवून ठेवतां येतें.

आतां मातोश्रींच्या म्हणण्याकडे येऊं. संकटांतून सोडविणें आणि नुसतें ओढून नेणें यांत समुद्राचा कायदा भेद करतो. बुडत्या जहाजाचा माल वांचविणाऱ्यास त्या मालांतून बक्षीस मिळतें. परंतु १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानें स्पष्ट म्हटलें आहे कीं, ज्याचा जीव वांचला त्याच्याकडून जिवाबद्दल मोबदला मागतां येत नाहीं. जिवाची किंमत रुपयांत होत नाहीं, हें मातोश्रींचें मत जगाच्या कायद्यानेंही मानलें आहे. कौटिल्यानेंही वाऱ्यानें झोडपलेल्या, वाट चुकलेल्या नावेवर पित्याप्रमाणें अनुग्रह करावा, आणि पाण्यानें भिजलेल्या मालावर शुल्क घेऊं नये किंवा अर्धें घ्यावें असें सांगितलें आहे.

परंतु सोडविणारा म्हणून त्यास सर्व माफ आहे, असेंही नव्हे. तोजो मारू या तेलवाहू जहाजाच्या प्रकरणांत, जहाज वांचविण्याचा धंदा करणाऱ्या मंडळीच्या पाणबुड्यानें तेलाचा धूर असलेल्या टांकीच्या पत्र्यांत बंदुकीसारख्या हत्यारानें खिळा मारला आणि स्फोट झाला. १९७१ सालीं इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायपीठानें त्या मंडळीस नुकसानीबद्दल जबाबदार धरलें. अर्थात् ते धंदेवाईक होते. हांकेस धांवून आलेल्या शेजाऱ्याचें माप तितकें कडक नसावें. त्याचें वर्तन त्या घाईच्या घटकेस शहाण्या मनुष्यानें काय केलें असतें यावरून पाहावें, शांतपणें ओट्यावर बसून नव्हे.

आतां आमच्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर. तूं नावेंत होतास, सुकाणूं तुझ्या हातीं होतें. तेव्हां नाव शेजाऱ्याच्या स्वाधीन झाली होती असें म्हणतां येणार नाहीं. त्याची हयगय तुमच्या घरासच दाखवून द्यावी लागेल. त्याच्या नावेंत चांगला दोर पडला असतां त्यानें कुजका लावला असेल, तर ती हयगय होय. पण तोच एक दोर त्याच्यापाशीं असेल, आणि तूं तो पाहून बांधून घेतला असशील, तर ती निवड दोघांची झाली. शिवाय खुंटीचा दोष तुला ठाऊक होता आणि तूं तो सांगितला नाहींस. दोर तुटल्यावरही नाव वांचण्याचा संभव होता. तो संभव खुंटीनें घालविला. दोष दोहोंकडे असला म्हणजे भरपाई दोषाच्या प्रमाणांत कापली जाते. अमेरिकेंत नौकांच्या बाबतींत जुना अर्धाअर्धीचा नियम होता, तोही १९७५ सालीं सोडून त्यांनीं प्रमाणाचा नियम घेतला. सारांश, थोरल्या बंधूंची मागणी तत्त्वतः खोटी नाहीं, पण हिशेबांत ती फारच लहान होईल, आणि तेवढ्यासाठीं समुद्रावरचा शेजार गमवावा लागेल.

मातोश्रींसही आमचें नम्र सांगणें आहे. उपकार मानणें आणि सत्य बोलणें यांत विरोध नाहीं. जिवाचें ऋण हा एक हिशेब व दोर हा दुसरा. पहिला दुसऱ्यांत वजा घातला तर दोन्ही चुकतात. दोराविषयीं कोणी कांहींच बोललें नाहीं, तर तसलाच दोर पुढच्या हंगामांत दुसऱ्या कोणाच्या नावेस लागेल, आणि त्या वेळीं नावेंत कदाचित् उतारू असतील. म्हणून आमचा सल्ला असा कीं, दोघां भावांनीं मिळून शेजाऱ्याच्या घरीं जावें. मागणी करावयास नव्हे, तर प्रथम आपल्या खुंटीची गोष्ट आपण होऊन सांगावयास. ती सांगितल्यावर दोराची गोष्ट काढणें सोपें होईल, आणि त्या शेजाऱ्याच्या मनांतही ती सलत असेलच. दोन्ही नावांसाठीं नवे दोर घ्यावेत. खर्च कोणी किती करावा हें तेथेंच गोडीनें ठरेल. नावेच्या दुरुस्तीचा खर्च एकत्र कुटुंबाच्या पैशांतून व्हावा. नाव जर सर्वांची, तर तिच्या खुंटीची देखरेखही सर्वांचीच होती. धाकट्याच्या पानावर तो खर्च रोज वाढूं नये.

नाव नसलेल्या वाचकांसाठीं या सर्वांतून चार गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, दोर बांधण्यापूर्वीं आपल्या वस्तूंतील दोष सांगावा. ब्रेक लागत नाहीं, सुकाणूं एका बाजूस ओढतें, दांड्यास तडा आहे, हें सांगण्यास क्षण पुरतो. दुसरी, दोर कोणाचा, वेग किती, आणि थांब म्हणण्याची खूण कोणती, हें आधीं ठरवावें. ओढणाऱ्यास मागचें दिसत नाहीं, म्हणून थांबविण्याचा अधिकार मागच्याचा असावा. तिसरी, मजुरी देऊन ओढवून घ्यावयाचें असेल तर वाटेंतील नुकसान कोणाचें, हें दोन ओळींत लिहून घ्यावें. चौथी, विमा पाहून घ्यावा. मालवाहू वाहनांच्या नेहमींच्या पॉलिसींत बंद पडलें वाहन ओढण्यास मुभा असते. पण तें मोबदला न घेतां ओढलेलें असावें, आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनास किंवा त्यांतील मालास झालेली इजा विमा कंपनी भरून देणार नाहीं, अशा अटीही तेथेंच असतात. आपल्या पॉलिसींत काय आहे हें कपाटांतून काढून आजच वाचावें. चिखलांत उभें राहून तें वाचतां येत नाहीं.

कित्येक सुशिक्षित मंडळी अलीकडे म्हणूं लागलीं आहेत कीं, मदत करावयास जावें आणि खटला अंगावर यावा, त्यापेक्षां न थांबतां पुढें जावें हें बरें. हा विचार आम्हांस कुजक्या दोराहून अधिक धोक्याचा वाटतो. कायद्यानें मदत करणाऱ्याकडून पराक्रम मागितलेला नाहीं. आपल्या स्वतःच्या वस्तूस आपण जपतों तितकें दुसऱ्याच्या वस्तूस जपावें, एवढेंच त्याचें मागणें आहे. तेवढें ज्यास साधतें त्यानें हांक आल्यावर निःशंकपणें दोर टाकावा. आणि ज्याच्याकडे दोर आला त्यानें आपली खुंटी आधीं हलवून पाहावी.